नववा रकाना

रजिस्टर शाळेचंच, इयत्ता चौथीचं.
मागची पानं कोरी होती म्हणून घेतलं.
रकाने ग्रामपंचायतीनं सांगितले तसे आखले:
अनुक्रमांक, नाव, वय, गाव, बोट,
खोकला, ताप, मोबाईल,
आणि नववा, आधार किंवा रेशनकार्ड.

'बरकत' तीन वाव पाण्यात नांगर टाकून उभी.
साखरी नाट्याच्या धक्क्यावर बांबू आडवा,
बांबूला पत्रा, पत्र्यावर माझं अक्षर:
बाहेरच्या माणसांना बंदी.
वळण चांगलं म्हणून मला सांगितलेलं.

सोलकरांची बोट. तांडेल गावचा,
त्याला रात्रीच्या भरतीला गुपचूप आत घेतलं.
राहिले नऊ खलाशी, नेपाळातल्या अछामचे.
होडी अर्ध्यावर नेऊन मी ओरडून विचारायचे,
वाऱ्यावरून नावं यायची, अर्धीमुर्धी.
डंबर साऊद. गगन, पुढचं ऐकू आलं नाही.
लालवीर. वय? "बीस."
मागून कुणीतरी हसलं.
सोळा असेल. माझ्या वर्गातून
सहा वर्षांपूर्वी गेलेल्या पोरांएवढा.

तालुक्याला फोन केला.
नववा भरल्याशिवाय यादी पुढं सरकत नाही, बाई.
मग तांदूळ?
यादी सरकली की तांदूळ.
मग पाणी?
पाणी आमच्याकडे येत नाही.

गाव वाईट नव्हतं, हेही लिहिते.
त्या वर्षी हापूसला गिऱ्हाईक नव्हतं,
दोन पेट्या बोटीवर गेल्या.
हुसेनाबीनं तांदळाच्या भाकऱ्या धाडल्या, सुकटीची चटणी,
फडकं परत पाठवू नका म्हणाली.
सगळं गेलं. बांबू तेवढा कुणी उचलला नाही.
मीही नाही. घरी सासूबाई, त्यांना दमा.
हे कारण खरं आहे,
आणि तरी कारणच आहे.

अकराव्या रात्री बोटीवरून बॅटरी हलायला लागली.
पेटायची, मिटायची. पेटायची.
आम्ही किनाऱ्यावर ओळीनं उभे,
अंतर राखून.
शेवटी सोलकरांच्या शिरीननं
कुणाला न विचारता होडी सोडली.
गगनला उतरवलं, पण धक्क्यावर नाही,
खाजणातून, गुडघाभर चिखलातून,
चोराला आणावं तसं.
मलेरिया निघाला.
डासांना बंदी घालायची राहून गेली होती.

मग सगळे शाळेत, माझ्याच वर्गात.
मार्चमधला सुविचार फळ्यावर तसाच होता.
डंबरनं तो पुसला नाही,
खाली रोज एक रेघ ओढत गेला.

मे सरता सरता गाडी ठरली, माणशी पाच हजार.
निघताना म्हणाला, मॅडम, तो कागद द्या ना,
आमची नावं आहेत तो.
त्यानं काही होत नाही रे.
तरी द्या. कुठंतरी लिहिलेले आहोत, एवढं दिसू दे.
पान फाडलं. शाळेचा गोल शिक्का
कुठं मारावा कळेना,
नववा रकाना मोकळा होता, तिथं मारला.

सहा दिवसांनी फोन. मागं पाणी वाजत होतं,
आमच्या खाडीसारखं नाही, दगडांवरून धावणारं.
पुलाचं दार बंद आहे. पलीकडे आमचाच मुलूख.
तिकडचा शिपाईही म्हणतो, बाहेरून आलात ना?
कागद दाखवलास?
दाखवला. तुमची आमची अक्षरं एकच की, मॅडम.
त्यानं मोठ्यानं वाचली नावं. नऊच्या नऊ.
मग?
मग पाण्याचाच आवाज.

नंबर मोबाईलच्या रकान्यात होता,
ते पान त्याच्याच खिशात.

बांबूवर आता सोलकरांची जाळी वाळतात.
पत्रा मी घरी आणला, न्हाणीघराच्या खिडकीला लावला.
खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं उडाली.
'बंदी'वरचा अनुस्वार आहे अजून.
ऑइलपेंटचे दोन हात दिले होते त्याला,
नीट दिसावा म्हणून.